रबरी बूट उघडून पाहा : शाफ्ट ड्राइव्हची घरच्या घरी देखभाल

चेन आपल्या मालकाला स्वतःचा विसर पडू देत नाही. ती वाजते, सैल पडते, पावसात गंजते, पँटवर तेलाचे शिंतोडे उडवते. शाफ्ट ड्राइव्हची गाडी असली कसलीही कुरकुर करत नाही, म्हणूनच लांबच्या प्रवासाला निघणारे लोक ती घेतात. पण ती गप्प असते म्हणूनच तिच्या मागच्या बाजूकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. ‘शाफ्टला काही करावं लागत नाही’ हे वाक्य शोरूममध्येही ऐकू येतं आणि ताम्हिणीच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवरही. ते खरं नाही. शाफ्टला थोडंच करावं लागतं, पण ते करावंच लागतं. आणि त्यातलं निम्मं काम गिअर ऑइल बदलण्याचं असलं, तरी उरलेलं निम्मं जास्त महत्त्वाचं आहे. ते स्विंगआर्मच्या टोकाच्या रबरी बुटाच्या आत दडलेलं असतं.

ही दोन्ही कामं घरी करता येतात. इंजिन खोलायचं नाही, संगणक जोडायचा नाही. चांगला पाना, स्वच्छ जागा, सुटीची एक सकाळ आणि घाई न करण्याची तयारी एवढं पुरतं.

आधी आत काय आहे ते समजून घेऊ, म्हणजे हात कुठे घालायचा आणि कुठे नाही ते कळेल. बीएमडब्ल्यूने १९२३ साली आपली पहिली मोटरसायकल, आर ३२, बाजारात आणली तेव्हापासून तिच्या बॉक्सर इंजिनाच्या गाड्या शाफ्टवरच चालतात. गिअरबॉक्समधून निघालेला दांडा स्विंगआर्मच्या पोकळीतून मागे जातो आणि चाकापाशी क्राउन-पिनियनच्या जोडीला मिळतो. ट्रकच्या मागच्या ‘डिफ’मध्ये असते तशीच ही जोडी. ती दांड्याचं फिरणं काटकोनात वळवून चाकाला देते. चाक वर-खाली होतं म्हणून दांड्याला सांधे लागतात. गॅरेजवाले ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तेच हे युनिव्हर्सल जॉइंट. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटर दिला की मागची बाजू वर उचलली जायची. १९८७ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या जीएस गाड्यांना पॅरालिव्हर दिला : शाफ्टला दोन सांधे, आणि मागच्या ड्राइव्हला फ्रेमशी जोडणारा एक वेगळा दांडा. हा दांडा पुढे लक्षात ठेवा, कारण तोच सोडल्यावर मागचा ड्राइव्ह खाली झुकतो आणि आतलं सगळं दिसू लागतं.

आणखी एक फरक इथेच सांगून ठेवतो. पॅरालिव्हरच्या आधीच्या अनेक जुन्या बीएमडब्ल्यूंमध्ये स्विंगआर्मच्या नळीत तेल असायचं आणि शाफ्ट त्या तेलातच फिरायचा. पॅरालिव्हरमध्ये ही नळी कोरडी असते. क्राउन-पिनियनचं तेल मागच्या डब्यात बंद, आणि शाफ्टचे सांधे व दाते कोरड्या नळीत, फक्त आपल्या ग्रीसच्या भरवशावर. त्या नळीत पाणी गेलं, तर ते बाहेर काढायला तेलही नसतं आणि ते आहे हे सांगणारी कुठली खूणही नसते.

पुढची कृती मी २०१३ नंतरची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आर १२०० जीएस आणि तिच्यानंतरची आर १२५० जीएस समोर ठेवून सांगतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर शाफ्टच्या गाड्यांत याच जास्त दिसतात. त्यांचा शाफ्ट डाव्या बाजूला आहे. त्याआधीच्या आर १२०० जीएसचा उजव्या बाजूला होता. काम साधारण तेच, बाजू बदलते.

हत्यारांवर पैसे वाचवू नका. मागच्या चाकाचे पाच बोल्ट टॉर्क्स डोक्याचे, टी-५० मापाचे असतात. हलक्या प्रतीचं टॉर्क्स बिट त्यात फिरून डोकं खराब करतं, आणि मग तो बोल्ट काढणं हे वेगळंच दुखणं होऊन बसतं. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा आपल्या शहरातल्या हत्यारांच्या जुन्या दुकानात चांगलं बिट मिळतं. टॉर्क रेंच हवाच. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळणं इथे चालत नाही, कारण मागच्या ड्राइव्हचं आवरण ॲल्युमिनियमचं आहे आणि त्यातले आटे एकदा गेले की दुरुस्ती महाग पडते. बाकी सामान साधं आहे : ॲलन की, तेल पकडायला पसरट भांडं, ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारं कापड, जुना टूथब्रश, आणि औषधाच्या दुकानातून ५० किंवा ६० मिलीची सिरिंज व हातभर सलाइनची नळी. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतलं आपल्या मॉडेलचं पान छापून शेजारी ठेवा. मी इथे काही आकडे देतो, तरी शेवटचा शब्द त्या पानाचाच.

तेल कुठलं, यावर गॅरेजमध्ये फार सैल बोललं जातं. ‘नव्वद नंबर टाका’ हा सल्ला ट्रॅक्टरला आणि जुन्या जीपला ठीक आहे. या ड्राइव्हचे दाते हायपॉइड पद्धतीचे, म्हणजे एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. त्या घासण्यात तेलाचा थर टिकावा म्हणून जीएल-५ वर्गाचं तेल लागतं. त्यात प्रचंड दाब सहन करणारी गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनं असतात. त्यांचा उग्र वास बाटली उघडताच येतो. आपल्या पुस्तिकेत लिहिलेलाच ग्रेड घ्या, तोही सिंथेटिक. इंजिन ऑइल तर चुकूनही नको. एका वेळी लागतं सुमारे १८० मिली. कंपनीच्या वेळापत्रकात पहिला बदल १००० किलोमीटरला आणि नंतर दर २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते. गाडी कोकणात पावसाळाभर फिरत असेल, ओढे ओलांडत असेल, तर मी म्हणेन की दर पावसाळ्यानंतर बदला. एवढ्याशा तेलाची किंमत ड्राइव्हच्या एका बेअरिंगपुढे काहीच नाही.

आता काम. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे तेल पातळ होईल आणि तळाचा गाळ त्याच्यासोबत बाहेर येईल. सायलेन्सर थंड होईपर्यंत थांबा. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी मेन स्टँडवर लावा. पुढचा ब्रेक पट्ट्याने हँडलला बांधून टाका, आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळा किंवा छोटा जॅक ठेवा. मागचा ड्राइव्ह आणि चाक काढलं की गाडीचं वजन पुढे सरकतं. हा आधार म्हणूनच आहे.

काही सोडण्याआधी दोन मिनिटं चाकापाशी घालवा. गिअर न्यूट्रलला ठेवून चाक हाताने फिरवा आणि कान द्या. खरखर, किंवा ठरावीक जागी येणारी अडखळ, ही बेअरिंगची तक्रार असते. मग चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवून पाहा, नंतर तीन आणि नऊच्या जागी. जाणवण्याजोगा खेळ असेल तर तो चाकाच्या बेअरिंगचा की स्विंगआर्मच्या सांध्याचा, हे दुसऱ्या माणसाला सांध्यावर बोट ठेवायला सांगून कळतं. ऑइल सीलभोवती ओलसर धूळ चिकटलेली आहे का तेही बघा. हे सगळं चाक लागलेलं असतानाच कळतं, काढल्यावर नाही.

चाक काढताना पहिला गिअर टाका, म्हणजे बोल्ट सैल करताना ते फिरणार नाही. पाचही बोल्ट आधी थोडे थोडे सैल करून मग काढा. सायलेन्सर आड येत असेल तर त्याची पकड सैल करून तो जरा बाजूला सारा. चाक जड असतं. ते खाली आपटू न देता मागे ओढून घ्या.

तेल काढताना एक नियम पाळा : भरायचा बोल्ट आधी सैल करून बघायचा, मगच निचऱ्याचा काढायचा. तेल सांडून दिल्यावर भरायचा बोल्ट अडकला तर गाडी तशीच उभी राहते. दोन्ही सुटतात याची खात्री झाली की भांडं लावा, निचऱ्याचा बोल्ट काढा आणि तेलाला पूर्ण निथळू द्या. या वेळेत बोल्टचं टोक बघा. त्यावर चुंबक असतं आणि त्याला राखाडी, मऊ लेप चिकटलेला असतो. बोटांत चोळल्यावर तो लोण्यासारखा गुळगुळीत लागला, तर ती दात्यांची रोजची झीज आहे, काळजी नको. नव्या गाडीच्या पहिल्या बदलात तो जास्तच असतो. बोटाला टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे किंवा सुईसारखे तुकडे सापडले, तर काम तिथेच थांबवा. ते तेल आणि ते तुकडे स्वच्छ डबीत भरून ठेवा आणि ड्राइव्ह जाणकाराकडे न्या. क्राउन-पिनियनमधलं अंतर पातळ शिम घालून जुळवावं लागतं, बेअरिंग बसवायला आवरण तापवावं लागतं. हे घरचं काम नाही.

तेल दुधाळ, फिकट दिसलं तर त्यात पाणी शिरलेलं आहे. घाट चढून आलेला तापलेला ड्राइव्ह थंड ओढ्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी सीलच्या कडेने आत खेचलं जातं. असं तेल दिसलं तर नवं तेल भरून शंभर-दोनशे किलोमीटर चालवा आणि तेही बदला. दुसऱ्यांदाही दुधाळ निघालं, तर सील गेलं आहे.

निचऱ्याच्या बोल्टची ओ-रिंग नवी घाला, बोल्ट पुसून पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा. नवं तेल मात्र लगेच भरू नका, कारण आपल्याला ड्राइव्ह खाली झुकवायचा आहे.

इथून खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच वगळलं जातं. मागच्या ब्रेकचा कॅलिपर सोडून दोरीने फ्रेमला टांगा. होजवर त्याचं वजन पडू देऊ नका. पॅडच्या मध्ये लाकडाची चपटी पट्टी सरकवा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की मागच्या ब्रेकवर पाय द्यायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येतील. एबीएसच्या सेन्सरची वायर क्लिपांतून मोकळी करा. मग पॅरालिव्हरच्या दांड्याचा ड्राइव्हकडचा बोल्ट काढायचा, पण ड्राइव्ह एका हाताने पेलून धरूनच. बोल्ट निघताच तो सांध्यावर खाली झुकतो. झुकताना रबरी बुटाची कड खाचेतून हलकेच सोडवा. स्क्रूड्रायव्हरने टोचू नका, बूट फाटला तर पुढचा सगळा खटाटोप वाया जातो.

आता नळीत टॉर्च मारा. कोरडं असेल तर उत्तम. पाणी, चिखल किंवा लालसर गंज दिसला, तर बूट आतापर्यंत नीट बसलेला नव्हता असं समजा. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस दोन बोटांत धरून दोन्ही दिशांना वाकवून पाहा. तो सगळीकडे सारखाच आणि सहज वळायला हवा. मधेच अडकतो, टिक करून पुढे जातो, किंवा हलवल्यावर खेळ जाणवतो, अशा क्रॉसच्या सुया गंजलेल्या असतात. त्याला ग्रीस लावून काही होत नाही, कारण त्याला ग्रीसची निपल नसते. असा शाफ्ट चालत्या गाडीत तुटला, तर मागचं चाक बिनताकदीचं होतं, किंवा तुटलेला दांडा नळी फोडून बाहेर येतो. म्हणून अडखळणारा क्रॉस सापडला की गाडी बाहेर काढायचीच नाही, नवा शाफ्ट येईपर्यंत.

शाफ्ट बाहेर काढायचा असेल, तर आधी त्याच्यावर आणि गिअरबॉक्सच्या टोकावर रंगाच्या पेनने समोरासमोर खूण करा. दोन्ही क्रॉस एका विशिष्ट कोनात जुळलेले असतात. एक क्रॉस वाकून फिरताना वेग किंचित कमी-जास्त करतो आणि दुसरा ते भरून काढतो. जुन्या आर ११०० आणि ११५० मध्ये शाफ्टचे दोन भाग सुटे होतात, तिथे ही जुळणी चुकली तर गाडीभर थरथर येते. या नव्या गाड्यांत शाफ्टच्या मध्यावर रबराचा थर असतो, झटके शोषण्यासाठी. आतली आणि बाहेरची नळी त्या रबराने जोडलेली असते. त्या जोडावर आडवी रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली, तर रबर सरकलं आहे आणि शाफ्ट बदलायला झाला आहे.

दाते पुसण्याची घाई करू नका. आधी ते आहेत तसेच बघा. ग्रीस काळसर पण ओलं असेल तर वेळेवर आलात. विटकरी रंगाची कोरडी भुकटी दिसली, तर दाते ग्रीसशिवाय एकमेकांवर बारीक थरथरत घासत होते. पुसल्यावर दात्यांचे माथे सपाट दिसायला हवेत. टोकदार, एका बाजूला झुकलेले दाते म्हणजे आयुष्य संपत आलं. टूथब्रश आणि ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू, बाहेरचे दाते आणि आतल्या खाचा, स्वच्छ करून वाळू द्या. क्लीनर ऑइल सीलवर उडू देऊ नका.

लावायचं ते बेअरिंगचं साधं ग्रीस नाही. ते फिरण्याच्या जोराने उडून जातं आणि उरतो तो भाग वाळून मेणासारखा होतो. इथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं प्रमाण भरपूर असलेली पेस्ट लागते. तिची कोरडी, काळी पूड दाबाखालीही दात्यांना चिकटून राहते. ब्रशने पातळ, सलग थर द्या. प्रत्येक दात्याच्या दोन्ही बाजूंना तो पोचला पाहिजे. जास्त लावून भलं होत नाही, ती बुटात जाऊन पडते.

परत जोडताना गाडी गिअरमध्ये ठेवा, ड्राइव्ह उचला आणि चाकाची तबकडी हाताने किंचित मागे-पुढे फिरवत राहा. दाते जुळले की शाफ्ट आपोआप आत सरकतो. जुळत नसेल तर हातोडी घेऊ नका. पुन्हा खाली करून पुन्हा प्रयत्न करा. दांड्याचा बोल्ट लावण्याआधी बुटाची कड खाचेत पूर्ण गोल बसली आहे का, हे बोट फिरवून तपासा, आणि आरशाने वरची बाजूही बघा, कारण नेमकी तिथेच ती दुमडलेली राहते. कडेला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिलात तर बूट सोपा बसतो. पेट्रोलियम ग्रीसने काही रबरं फुगतात, ते टाळा. या एका कडेवर पुढच्या दोन पावसाळ्यांचा कोरडेपणा अवलंबून आहे.

मग तेल. सिरिंजला सलाइनची नळी लावून मोजून भरा : ६० मिलीच्या सिरिंजने तीन वेळा. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणू नका. गरम झाल्यावर वाढीव तेल सीलमधून वाट काढतं आणि थेट ब्रेक डिस्कवर येऊ शकतं. कॅलिपर, सेन्सर, वायरच्या क्लिपा जागच्या जागी. पुस्तिकेत जे बोल्ट नवे घालायला किंवा लॉकिंग द्रव लावायला सांगितले आहेत, ते तसेच करा. चाकाची बसायची जागा आणि तबकडी कोरडी पुसा, बोल्टच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, पाचही हाताने बसवून मग समोरासमोरच्या क्रमाने ६० न्यूटन मीटरला आवळा. शेवटी मागचा ब्रेक कडक होईपर्यंत पायाने पंप करा. हे विसरून गाडी बाहेर काढली, तर पहिल्या वळणावर पाय रिकामाच खाली जाईल.

दहा किलोमीटर हळू फिरवून आणा. ड्राइव्ह कोमट होणारच. हात ठेवता येत नाही इतका तापला तर तेलाचं माप पुन्हा पाहा. बोल्टभोवती ओल नाही ना बघा, आणि चाकाचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कने तपासा.

आपल्याकडे काही काळ विकली गेलेली सुझुकी इंट्रूडर एम१८००आर हिच्यासारख्या जपानी गाड्यांत चाक काढलं की हबमधलेच दाते समोर येतात. त्यांना प्रत्येक टायर बदलाच्या वेळी मॉलिब्डेनमची पेस्ट लागते. टायरच्या दुकानात ते दाते बहुतेक वेळा पुसले जातात आणि कोरडेच परत बसवले जातात, म्हणून पेस्टची ट्यूब स्वतः घेऊन जा आणि उभे राहून लावून घ्या. यांच्या ड्राइव्हमध्ये तेल साधारण भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरतात. पुस्तिकेत तपासून घ्या.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. बाटलीत भरून ते घेणाऱ्या गॅरेजला द्या. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला एक गोष्ट बजावून ठेवा : प्रेशरचा फवारा बुटावर आणि सीलवर मारायचा नाही.

केलेल्या कामाची तारीख, किलोमीटर आणि तेलाचा ग्रेड वहीत लिहा. बोल्टच्या चुंबकाचा आणि दात्यांचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी फरक त्यावरूनच कळतो. गाडी वॉरंटीत असेल, तर हे काम घरी केल्याने तिच्यावर काय परिणाम होतो ते आधी वॉरंटीच्या कागदांत वाचा. आणि शाफ्टची गाडी सेकंडहँड घेतली असेल, तर सर्व्हिसच्या नोंदी कितीही व्यवस्थित दिसोत, पहिल्या लांब प्रवासाआधी बूट उघडून आतले दाते आणि क्रॉस स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तेल बदलल्याचं बिल मिळतं. बूट उघडल्याचं बिल फार क्वचित मिळतं.